तोंडानं दिलेलं मत

काही महत्त्वाचं बोलायचं असलं की तो आधी गाडीचं इंजिन बंद करायचा.

आखातात, दोह्यात उन्हाळा काढलेल्या माणसाला यातली गंमत लगेच कळेल. इंजिन बंद म्हणजे एसी बंद, आणि एसी बंद म्हणजे घटकाभरात गाडीची भट्टी. मी म्हणायचो, "अरे, चालू गाडीत बोल की." तो म्हणायचा, "चालू गाडीत निम्मं लक्ष रस्त्याला द्यावं लागतं. उरलेल्या निम्म्यात तुला काय सांगू?" मग दोघं घाम पुसत बसायचो. एक फायदा होता. त्याच्या गाडीत कुणी कधी लांबण लावली नाही.

दुसरी खोड म्हणजे त्याला खाणाखुणा चालायच्या नाहीत. जेवताना कुणी नुसती वाटी पुढं केली, तर हा डाव हातात धरून तसाच बसायचा.

"काय पाहिजे? तोंडानं सांग."

"मामा, आमटी."

"मग वाटीला कशाला बोलायला लावतोस?"

पोरं फोनवर अंगठ्याचं चित्र पाठवतात, त्याचा तर त्याला भयंकर राग. कुणी अंगठा पाठवला की हा उलटा फोन लावून विचारायचा, "हो का नाही? तोंडानं सांग." समोरचा कामावर, मुदीरसमोर, म्हणजे साहेबासमोर उभा. तरी हा सोडायचा नाही.

सगळे त्याला मामा म्हणायचे. मी ड्रायव्हर म्हणायचो. आम्ही एका तालुक्याचे, त्यामुळं मला तेवढा हक्क होता. तो आला ड्रायव्हर म्हणून, मी आलो शटरिंगचा सुतार म्हणून. वेस्ट बेमध्ये काचेच्या इमारती दिसतात ना, त्या काचेच्या आत काँक्रीट आहे, आणि त्या काँक्रीटला उभं राहायला शिकवणाऱ्या फळ्या आमच्यासारख्यांनी ठोकल्या. लोक काच बघतात. बघू देत. आता वय झालं म्हणून कंपनीनं मला टूलरूमला बसवलं आहे. पाने, हातोडे देतो, परत घेतो. शाळा म्हणाल तर चौथी. तेवढ्यात भागलं.

राहायला आम्ही सनायाला, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, कंपनीच्या कॅम्पात. आमच्या मजल्यावर वीस-बावीस मराठी माणसं. खाली सगळ्या कॅम्पाचं मिळून एक किचन, त्यात आमची एक शेगडी, आणि त्या शेगडीवर आमची मेस. ही मेस माझ्या ताब्यात होती. ताब्यात म्हणजे काय, तर बाजार मी ठरवायचा, भाजी मी ठरवायची, कांदा कोण चिरणार ते मी सांगायचं, आणि शेगडीसमोर मी उभं राहायचं. मला विचारल्याशिवाय कुणी गॅसची चावी फिरवत नसे. भाकरी रोज. दुकानातला खुबूस, म्हणजे अरबी रोटी आणून पोट भरणाऱ्यांना मी माणसात धरत नसे.

तुम्ही म्हणाल, एका मेसचं एवढं काय? घर सोडून जन्म बाहेर काढलेल्या माणसाला विचारा. गावी माझं घर आहे, पण तिथं सून आहे आणि तिची शेगडी तिची आहे. सुट्टीवर गेलो की मला बाहेर खुर्ची टाकून देतात आणि चहा आणून देतात. चांगली आहेत सगळी. पण भाजीत काय टाकू म्हणून मला कुणी विचारत नाही. इथं विचारायचे.

ड्रायव्हरकडं त्या वर्षांत एका अमेरिकन बाईंची ड्यूटी होती. बाई इथल्या विद्यापीठात शिकवायला आलेल्या. अबू हमूरच्या कंपाउंडमधून त्यांना सकाळी घ्यायचं, कॉलेजात सोडायचं, दुपारी परत. बाई बोलक्या. त्यांच्या देशातल्या जुन्या निवडणुकांवर त्या पुस्तक लिहीत होत्या, आणि जे लिहिलं ते येता-जाता ह्याला सांगायच्या. ह्याचं इंग्रजी सिग्नल आणि सुपरमार्केटपुरतं, पण ऐकण्याची हौस दांडगी. निम्मं कळायचं, निम्मं हा आपल्या मनानं भरायचा, आणि संध्याकाळी जेवणं झाली की आम्हाला सांगायचा.

एकोणिसावं शतक, असं तो शतकाचं नाव घेऊन सुरू करायचा. जसं काही त्याच्या चुलत्याच्या लग्नाचं साल आहे.

"एकोणिसाव्या शतकात केंटकी म्हणून एक राज्य होतं."

"अजून आहे, मामा," एक इलेक्ट्रिशियन म्हणाला. "कोंबडीवालं."

"असेल. तिथं राज्याच्या विधानसभेची निवडणूक असायची. आपल्यासारखीच. पण चिठ्ठी नाही, पेटी नाही, बटण नाही. कचेरीच्या पायरीवर टेबल. टेबलाला कारकून. शेजारी उमेदवार स्वतः खुर्ची टाकून बसलेले. फौजदार नाव पुकारणार. माणूस घोड्यावरून उतरणार, सगळ्या गावासमोर उभा राहणार, आणि तोंडानं सांगणार, माझं मत अमक्याला. की तो अमका उठून उभा राहणार, टोपी काढणार, वाकणार, म्हणणार, आभारी आहे."

"आणि ज्याला नाही दिलं तो?" मी विचारलं.

"तोही. बाई म्हणतात, घरंदाज असला तर तोही वाकायचा."

"आणि दारू?" आमच्यातल्या पेंटरनं विचारलं.

"उमेदवाराकडून. पिंपाच्या पिंपं."

त्यावर बरीच हळहळ झाली. आमच्याकडं काय, तर लबान, म्हणजे बाटलीतलं ताक. कुणीतरी मला म्हणालं, तात्या, तुम्ही निवडणुकीला उभे राहिलात तर दर माणशी एक लबान द्यावं लागेल.

हे सगळं तो रंगवून सांगायचा, पण लपवायचा नाही. बायांना मत नव्हतं, काळ्या माणसांना नव्हतं, हेही त्यानं सांगितलं. मी म्हटलं, मग कसली डोंबलाची निवडणूक? तो म्हणाला, "आपल्याला तरी कुठं आहे? इथं आपण परके, आणि तिथं मतदानाला जायला रजा मिळत नाही. किती विधानसभा आल्या आणि गेल्या. तू शेवटचं मत कधी दिलंस?" मला आठवेना. त्यालाही आठवेना. पोरं फोनवर गावाकडच्या सभा बघत होती, भाषणाला इथून टाळ्या वाजवत होती. आवाज तेवढा येतो. हात पोचत नाही.

एक गोष्ट मात्र तो पुन्हापुन्हा सांगायचा. बाईंच्या पुस्तकातली. एक कुळ होतं, दुसऱ्याची जमीन कसून खाणारं. जमीनमालक स्वतः विधानसभेला उभा. ह्याचं नाव पुकारलं. हा पुढं आला. समोर मालक बसलेला, ज्याच्या छपराखाली ह्याची बायकापोरं. बराच वेळ बोलला नाही. लोक हसायला लागले. मग ह्यानं दुसऱ्याचं नाव घेतलं.

"मग?" आम्ही विचारायचो.

"मालक उठला आणि त्यानं टोपी काढली."

"आणि कुळाचं पुढं काय झालं?"

"ते बाईंना माहीत नाही."

प्रत्येक वेळी आम्ही तेच विचारायचो आणि तो तेच सांगायचा. मला ती गोष्ट अर्धवट वाटायची. त्याला पुरी वाटायची.

आता शेगडीचं सांगतो. सांगायला नको वाटतं, पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

झालं असं की एक दिवस मी डाळ शिजत ठेवून अंघोळीला गेलो. डाळ उतू गेली, जाळ विझला, गॅस चालू राहिला. असं तो म्हणतो. तो ड्यूटीवरून आला, वास आला, त्यानं चावी बंद केली, खिडक्या उघडल्या. दुसऱ्यांदा त्यानं म्हणे हात पुसायचं फडकं जळताना विझवलं. मी तिथंच होतो, मला दिसलं नाही. मी म्हणतो, मी चावी बंद केली होती. आजही म्हणतो. पण तो खोटं बोलणारा नव्हता, हेही म्हणतो. दोन्ही कसं खरं असेल ते मला विचारू नका.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. एका दुपारी मला बाजाराला घेऊन निघाला, ओल्ड एअरपोर्टच्या बाजूला भाजी स्वस्त मिळते म्हणून. दुकानासमोर गाडी लावली आणि इंजिन बंद केलं. मी ओळखलं.

"तात्या, आता सोड."

"काय सोडू?"

"शेगडी."

"गाडी चालू कर. उकडतंय."

"पलीकडच्या कॅम्पातला तो बिहारचा म्हातारा आचारी आठवतोय का? पडदा पेटला नुसता. आठवड्यात व्हिसा कॅन्सल करून विमानात बसवला. तुझं वय त्याच्यापेक्षा जास्त आहे. कॅम्प बॉसला कळलं तर तुला टूलरूमलासुद्धा ठेवणार नाहीत."

"कळेल कसं? तू सांगणार?"

"मी नाही सांगणार. गॅस सांगेल."

"ड्रायव्हर," मी म्हटलं, "तू गाडी चालव. शेगडी मी बघतो."

त्यानं स्टिअरिंगवर हात ठेवले. मग इंजिन चालू केलं. कांदे, मिरच्या, ज्वारीचं पीठ घेऊन आम्ही परत आलो.

त्यानंतर महिनाभरानं पेंटरनं बंड केलं. हा पेंटर देवगडकडचा. माणूस गोड, पण जिभेला माशाची सवय. माझ्या मेसमध्ये मासा नव्हता. शेगडीला वास राहतो आणि भाकरीला लागतो, हे माझं मत होतं आणि आहे. तो कित्येक वर्षं "तात्यानू, आठवड्यात एक दिस तरी मासो व्हयो" म्हणत राहिला आणि मी नाही म्हणत राहिलो. शेवटी तो म्हणाला, मेस कुणाकडं असावी ते सगळ्यांना विचारू या.

मी म्हटलं, विचारा. मला कसली भीती?

पोरं म्हणाली, फोनवर घेऊ, कुणाचं मत कुठं गेलं ते कुणाला दिसणार नाही. दुसरं कुणी म्हणालं, पातेल्यात चिठ्ठ्या टाकू. ड्रायव्हर उभाच राहिला. "चिठ्ठी नाही, फोन नाही. ज्याच्या हातचं इतकी वर्षं खाल्लं, त्याला नको म्हणायचं असेल तर त्याच्या तोंडावर म्हणा. केंटकीसारखं."

मी लगेच हो म्हटलं. खरं सांगतो, मला आनंद झाला. मला वाटलं, माझा गाववाला माझ्यासाठी डाव टाकतोय. माझ्या तोंडावर नाही म्हणणारा त्या मजल्यावर जन्माला आला नव्हता.

आदल्या दिवशी, गुरुवारी, पेंटरनं कुठल्याशा ओळखीच्या हॉटेलातून तळलेली सुरमई आणली आणि मजलाभर वाटली. मीही मागं राहिलो नाही. दर माणशी लबान. पोरांनी दोन्ही खाल्लं-प्यायलं आणि दोघांनाही तोंडभर आश्वासनं दिली. त्यात मात्र एकोणिसावं शतक आणि सनाया, काही फरक नव्हता.

शुक्रवारी दुपारची जेवणं झाली. सगळ्यांना सुट्टी. वरच्या मोठ्या खोलीत पलंग सरकवून जागा केली. रंगाचे दोन रिकामे डबे उपडे घातले. एकावर मी, एकावर पेंटर. मी धुतलेला शर्ट घातला होता. एसीचं पाणी खाली बादलीत टपटपत होतं. नावं पुकारायला ड्रायव्हर. सगळ्यांना हसू येत होतं. खेळच होता तो, थोडा तरी.

"फौजदाराचं मत शेवटी," कुणीतरी म्हणालं.

"नाही," तो म्हणाला. "ज्यानं रीत काढली त्यानं आधी द्यावं. मी पहिला."

मला बरं वाटलं. पहिलंच मत आपलं. मी डब्यावर सरळ बसलो.

तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. पेंटरकडं बघितलं नाही, माझ्याकडंच बघत होता. डोक्यावरची कॅप काढून हातात धरली. आणि मग बराच वेळ काही बोलला नाही. पोरं हसायला लागली. "मामा, तोंडानं सांगा," एकजण ओरडला.

"माझं मत पेंटरला," तो म्हणाला.

हसू थांबलं.

पेंटर गडबडला. उठला, छातीला हात लावला, म्हणाला, "आभारी आसंय, मामा." पण ड्रायव्हर अजून माझ्यापुढंच उभा. कशासाठी ते मला कळत होतं. त्यानं शिकवलं होतं ना आम्हाला, घरंदाज असला तर तोही वाकतो. मी उठलो नाही. मी त्याच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडं बघत राहिलो. शेवटी त्यानं कॅप घातली आणि बाजूला जाऊन पुढचं नाव पुकारलं.

पुढचं काय सांगायचं? पहिली फळी निघाली की शटरिंग कसं निघतं ते मी जन्मभर पाहिलं आहे. माझा गाववालाच तिकडं गेला म्हटल्यावर पोरांची भीड चेपली. एकेक येत होता, मान खाली घालून, आवाज बारीक करून. "तात्या, राग मानू नका." "तात्या, नुसतं माशासाठी." दोन-चार म्हातारे माझ्याकडं राहिले. तेही माझी कीव येऊन राहिले असावेत, म्हणून मला त्यांचाही राग आला.

संध्याकाळी पोरांनी ड्रायव्हरला घेरलं. "मामा, तुम्ही असं का केलं?"

"मत तोंडानं द्यायचं ठरलं होतं," तो म्हणाला. "कारण तोंडानं द्यायचं ठरलं नव्हतं."

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही.

बोललो नाही म्हणजे नाही. एका सतरंजीवर जेवायला बसायचो. त्याला मीठ पाहिजे असलं तर तो म्हणायचा, "तात्या, मीठ दे." मी मीठ उचलून त्याच्यापुढं ठेवायचो, तोंड बंद. ह्याहून मोठी शिक्षा त्याला दुसरी नव्हती, आणि ती मला बरोबर माहीत होती. एकदा तो म्हणाला, "शिवी तरी दे." मी उठून हात धुवायला गेलो.

पेंटरनं शेगडी चांगली सांभाळली, हे कबूल करायला हवं. मासा आठवड्यातून एकदाच, आणि त्या दिवशी माझ्यासाठी वेगळं पिठलं. मला तो शेगडीजवळ येऊ द्यायचा नाही, "तात्यानू, तुम्ही बसा" म्हणायचा. मी बसायचो. इथंही आता खुर्चीच आली, असं वाटायचं. मेथी निवडायची, लसूण सोलायचा, आणि लांबून जाळाकडं बघायचं.

अमेरिकन बाईंचं कॉलेजातलं काम संपलं, त्या गेल्या. ड्रायव्हरला दुसरी ड्यूटी मिळाली नाही. कंपनी म्हणाली, खलास, आता घरी जा. त्यानंही फार ओढ घेतली नाही. गुडघे गेले होते. बाईंनी जाताना त्याला त्यांच्या पुस्तकाचं एक छापील पान दिलं होतं, ते मात्र त्यानं इथंच एका पोराला देऊन टाकलं. म्हणाला, मला वाचता येत नाही, आणि जे ऐकायचं ते ऐकून झालं.

निघायच्या दिवशी सगळे खाली गेले. मी गेलो नाही. तो बॅग खाली ठेवून परत वर आला, माझ्या पलंगापाशी उभा राहिला.

"तात्या, निघतो."

मी मान हलवली.

"तोंडानं सांग," तो म्हणाला. पहिल्यांदाच तो हे हळू बोलला.

मी सांगितलं नाही. खालून गाडीचा हॉर्न वाजला. कुणीतरी "मामा, यल्ला, चला" म्हणून ओरडलं. तो गेला.

पुढं गावाकडं विधानसभेची निवडणूक लागली. मतदानाच्या संध्याकाळी त्याचा पेंटरला फोन आला. पेंटरनं फोन सतरंजीच्या मधोमध ठेवून आवाज मोठा केला. मी लसूण सोलत होतो. उठून जाणार होतो, पण लसूण बराच राहिला होता.

"दिलं का मत, मामा?"

"दिलं. पण तमाशा झाला," तिकडून आवाज आला. "इतक्या वर्षांनी गेलो. रांगेत उभा राहिलो. नाव पुकारलं. टेबल होतं, टेबलाला कारकून होता, शेजारी ह्या पक्षाचा माणूस, त्या पक्षाचा माणूस. मला वाटलं, आता आपली पाळी. मी कॅप काढली आणि सांगून टाकलं."

"काय सांगितलं?"

"माझं मत अमक्याला. मोठ्यानं."

सतरंजीवर हसण्याचा एकच धुरळा उडाला.

"हसताय काय! तो साहेब ताडकन उठला. आजोबा, गप्प बसा, इथं नाव घ्यायचं नाही! पोलिसानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. मी म्हटलं, चोरी केली का? साहेब म्हणाला, आजोबा, मत गुप्त असतं. मी म्हटलं, माझं नाही. शेवटी आमच्या सरपंचानं मध्यस्थी केली, तेव्हा रांगेच्या शेवटी उभा केला आणि आत सोडला. पुठ्ठ्याच्या आडोशाला जाऊन बटण दाबलं. कोण उठलं नाही, कोण वाकलं नाही. नुसतं पीं झालं."

पोरं डोळे पुसत होती. मलाही हसू येत होतं. मी ते लसणात घातलं.

मग तो म्हणाला, "आहे का तो तिथं?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"नका सांगू," तो म्हणाला. "आहे. लसूण सोलल्याचा आवाज येतोय." लसूण सोलल्याचा आवाज येत नाही. उगीच बोलला. त्याच्या बाजूला कुठंतरी कुत्रं भुंकत होतं. "बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तो गेला. सकाळी उठलाच नाही, असं त्याच्या मुलानं कळवलं. पोरांनी सतरंजीवर त्याचा फोटो ठेवला, उदबत्ती लावली. पेंटरनं त्या दिवशी मासा केला नाही, वार माशाचा असूनही. मी टूलरूमला गेलो, पाने दिले, पाने परत घेतले. इतकी वर्षं इथं काढून किती जणांचं असं ऐकलं, त्याचा हिशोब मी ठेवलेला नाही. दरवेळी कामावर जायचं असतं, आणि जातो.

एक सांगायचं राहिलं. मेसच्या त्या मतदानानंतर चार-सहा दिवसांतलीच गोष्ट, ड्रायव्हर अजून इथं होता तेव्हाची. आमचा कॅम्प बॉस केरळचा, माणूस वाईट नाही, पण त्याच्या कानाला सगळं लागतं. मराठी मेसमधून म्हाताऱ्याला काढला, हे त्याच्या कानावर गेलं. किचनच्या दारात त्यानं ड्रायव्हरला अडवलं. मी आत पाण्याच्या कूलरमागं बाटली भरत होतो. दोघांनाही मी दिसत नव्हतो.

"क्यों हटाया बुड्ढे को?" बॉस म्हणाला. "कुछ गडबड है क्या? किचन में कुछ हुआ? तबीयत, आँख, कुछ?"

बाटली भरून वाहायला लागली तरी मी नळ बंद केला नाही. बंद केला असता तर आवाज थांबला असता. ड्रायव्हरनं एवढंच सांगायचं होतं, जे तो मला इंजिन बंद करून सांगत होता. एक वाक्य. माझं तिकीट निघालं असतं. आणि तो तर तोंडानं सांगणारा माणूस.

"कुछ नहीं सर," तो म्हणाला. "भाकरी जला देता है. रोज. काली रोटी कौन खाएगा?"

बॉस हसला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या कॅम्पात मला बघून माणसं विचारायला लागली, तात्या, आज किती भाकऱ्या जाळल्या? मल्याळी, नेपाळी, सगळे. त्या हसण्याचा मला इतका संताप आला की मताचा राग त्यापुढं काहीच नव्हता. अबोला मी एवढा ताणला तो मतासाठी ताणला असं सगळ्यांना वाटतं. वाटू दे.

टूलरूम अजून माझ्याकडं आहे. कंपनीनं अजून जा म्हटलेलं नाही.

आणि माझी भाकरी जन्मात कधी करपली नाही. ते त्याला माहीत होतं.